दोघांनी मिळून सोडली, एक जण चौथ्या दिवशी प्यायला. आता पुढे काय?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही आणि तुमचा मित्र, दोघांनी एकमेकांना टाळी देऊन एकाच दिवशी दारू बंद केली. तिसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरायला लागले, रात्रभर घाम, डोळ्याला डोळा नाही. चौथ्या दिवशी तो प्यायला आणि आता तुमचा फोन उचलत नाही. तुमचे सोळा दिवस झालेत. तुम्ही विचारताय की त्याच्यावर चिडावं की त्याला परत ओढावं, आणि 'तोच प्यायला तर मी कशाला कोरडा बसू' असं सारखं मनात येतं त्याचं काय करावं.

आधी त्या थरथरीबद्दल बोलतो. बाकीचं सगळं दोन दिवस थांबलं तरी चालेल, हे नाही.

तुम्हीच लिहिलंय की तुमचं पिणं शनिवार-रविवार आणि मधे एखादा दिवस असं होतं, आणि त्याला सकाळी तोंड धुवायच्या आधी घोट लागायचा. म्हणजे शपथ एक असली तरी तुमची दोघांची दारू वेगळी आहे. रोज भरपूर पिणाऱ्याच्या मज्जासंस्थेला दारू सतत गुंगवत असते, म्हणून ती स्वतःला गरजेपेक्षा जास्त जागं ठेवायला शिकते. दारू एकदम काढली की हे जास्तीचं जागेपण तेवढं मागे उरतं. शेवटच्या घोटानंतर 6 ते 24 तासांत थरथर, घाम, मळमळ, छातीत धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, वार कोणता ते कळत नाही, ताप चढतो. याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि उपचार न मिळाल्यास माणूस यात जाऊ शकतो. हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाहीये. तिसऱ्या दिवशी तो नेमका या टप्प्यात होता आणि तुम्हा दोघांनाही ते ठाऊक नव्हतं, एवढंच.

माझ्या दुसऱ्या प्रयत्नातली एक सकाळ सांगतो. ब्रशवर टूथपेस्ट ठेवायची होती. ट्यूब एका हातात, ब्रश दुसऱ्या हातात, आणि दोन्ही हात आपापल्या तालात. पेस्ट तीनदा बेसिनमध्ये पडली. चौथ्यांदा मी ब्रश बेसिनच्या कडेवर ठेवला आणि दोन्ही हातांनी ट्यूब धरली. तेव्हा मला कोणी निश्चय, इच्छाशक्ती असलं काही सांगितलं असतं तर मी ती ट्यूब त्याला फेकून मारली असती. एक पेग पोटात गेला की दहा मिनिटांत हात थांबणार हे मला पक्कं माहीत होतं. तुमच्या मित्रालाही ते माहीत होतं. त्याच्याकडे असलेलं एकमेव औषध त्याने घेतलं. मी तरी याला शपथ मोडणं म्हणणार नाही.

तेव्हा त्याच्यासाठी पुढची पायरी नवी शपथ नसून डॉक्टर आहे. मानसोपचारतज्ज्ञ किंवा व्यसनमुक्तीचं काम करणारा डॉक्टर मिळाला तर उत्तम, नाहीतर साधा फिजिशियनही सुरुवात करून देईल. ठरावीक दिवस कमी कमी होत जाणाऱ्या मात्रेत गोळ्या देतात, सोबत बी-1 जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, बरेचदा इंजेक्शनने. पाच-सात दिवसांत शरीराचा भाग बहुतेक निभावतो. या गोळ्या ओळखीच्या दुकानातून स्वतःच आणून दारूबरोबर घेऊ नयेत. दोन्हींची गुंगी एकत्र झाली की श्वासावर येतं. आणि डॉक्टर गाठेपर्यंत त्याने घरच्या घरी एका फटक्यात पुन्हा बंद करायचा हट्ट धरू नये. एकदम सोडणं, परत धरणं, परत एकदम सोडणं असं होत गेलं की दर खेपेचा त्रास आधीपेक्षा वाढतो. आकडी आली, भास झाले किंवा तो असंबद्ध बोलायला लागला, तर मात्र कोणाची परवानगी न मागता थेट हॉस्पिटल.

आता तुम्ही. तुम्ही 'सोडायची की कमी करायची' असंही ओझरतं विचारलंय. सकाळी उतारा लागणाऱ्यांपैकी कमी करून कमीवर टिकलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही. मीही त्यातलाच, म्हणून माझं मत एकतर्फी समजा. तुमच्यासारख्याला जमू शकतं, पण अंदाजाने नाही, मोजून. 40 टक्क्यांच्या दारूच्या 30 मिलीमध्ये साधारण साडेनऊ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. 5 टक्क्यांच्या 650 मिली बिअरच्या बाटलीत जवळजवळ 26 ग्रॅम. तीच बाटली 8 टक्क्यांची स्ट्राँग असेल तर 41 ग्रॅम, म्हणजे चार स्मॉल पेगांहून जास्त. 'मी आता फक्त बिअरवर आलोय' असं सांगणारे बरेच जण प्रत्यक्षात वर गेलेले असतात. घरी ओतलेला पेग तर मापाने कधीच 30 चा नसतो. एकदा पाणी घेऊन आपल्या हाताचा 'स्मॉल' मोजून बघा. माझा 55 निघाला होता. तरीही तुमचे सोळा दिवस कोरडे गेलेच आहेत, तर कमी करण्याचा प्रयोग आत्ता, मित्र घसरलेला असताना, काढू नका. हा विषय तीन महिन्यांनी काढा.

मूळ प्रश्न सोबतीचा आहे, त्याकडे येतो. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायला चालवलेली संघटना. तिची सुरुवात अशाच एका जोडीतून झाली. मे 1935, अमेरिकेतलं अ‍ॅक्रन शहर. बिल नावाचा एक शेअर दलाल धंद्याच्या कामासाठी तिथे आलेला. काम फिसकटलं. हॉटेलच्या लॉबीत एकीकडे बारमधला गलका, दुसरीकडे टेलिफोन. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. त्या काळात त्याने कित्येक दारुड्यांना सुधारायचा प्रयत्न केला होता आणि त्यातला एकही सुधारला नव्हता. पण त्या खटपटीत तो स्वतः प्यायला नव्हता, हे त्याच्या बायकोने त्याच्या लक्षात आणून दिलं होतं. म्हणून त्याने चर्चच्या यादीतले नंबर फिरवायला सुरुवात केली: मला बोलायला एक दारुडा हवाय. त्यातून गाठ पडली ती बॉब नावाच्या सर्जनशी. बॉब पंधरा मिनिटांच्या बोलीवर आला आणि पाच-सहा तास बसला.

इथवरची गोष्ट सगळे सांगतात. तुमच्या कामाची आहे ती पुढची. तीनेक आठवड्यांत बॉब एका वैद्यकीय परिषदेला गेला आणि तिथे इतका प्यायला की परत आला तेव्हा धड उभं राहता येत नव्हतं. थोड्याच दिवसांत त्याला एक शस्त्रक्रिया करायची होती. त्या सकाळी त्याचे हात थरथरू नयेत म्हणून बिलनेच त्याला बिअर दिली. (आज कोणी असं करू नये, आज औषधं आहेत.) तो दिवस, 10 जून 1935, एए आपला स्थापनादिन मानते, कारण बॉबचा तो शेवटचा घोट ठरला. 1950 साली वारला तोवर तो पुन्हा प्यायला नाही. म्हणजे त्या पहिल्या जोडीतलाही एक जण महिन्याच्या आत घसरला होता. दुसऱ्याने त्याच्यावर पाणी सोडलं नाही आणि त्याच्याबरोबर ग्लासही भरला नाही.

तुमच्या शपथेची गडबड मला इथे दिसते. 'दोघं मिळून सोडू' हे वाक्य ऐकायला छान आहे, पण त्यात एक चोरवाट आहे: एकाने मोडली की दुसरा मोकळा. ही वाट मी स्वतः वापरलीय. माझा पहिला जोडीदार नवव्या महिन्यात घसरला. मी त्याला समजवायला एकटाच त्याच्या घरी गेलो, संध्याकाळी साडेसातला. पहिला तास मी बोलत होतो. दुसरा तास तो बोलत होता, आणि खरं सांगायचं तर तो माझ्यापेक्षा चांगलं बोलत होता. तिसऱ्या तासाला माझ्याही हातात ग्लास होता. त्यानंतर परत वर यायला मला चौदा महिने लागले. म्हणून कळकळीने सांगतो, तो प्यायलेला असताना एकट्याने जाऊ नका. जायचंच तर सकाळी जा आणि कोणाला तरी सोबत घ्या. शपथही बदला. तुमची तुमच्याशी, त्याची त्याच्याशी. मधे फक्त फोन ठेवा.

त्या फोनचीही एक रीत आहे. तो प्यायच्या आधी करायचा असतो. प्यायल्यावर केलेला फोन म्हणजे कबुलीजबाब. त्यात रडणं, माफी, वचनं हे सगळं येतं आणि सकाळी त्यातलं काहीही उरत नाही. माझा दुसरा जोडीदार वयाने मोठा, त्याला मी दादा म्हणतो. सुरुवातीच्या दिवसांत एकदा रात्री पावणेबाराला त्याला फोन लावला. एवढंच म्हणालो, 'दादा, बाटली समोर आहे.' त्याने बाटली कुठून आली, कोणी आणली, काही विचारलं नाही. म्हणाला, 'जेवलास?' मी म्हटलं नाही. म्हणाला, 'आधी काहीतरी खा, फोन ठेवू नकोस.' मी खात असताना तो मला नळाचा वॉशर कसा बदलायचा ते सांगत राहिला. त्याच्या मोरीतला नळ त्या दिवशी गळत होता, आणि दुकानदाराने चुकीच्या मापाचा वॉशर दिला होता. पंचवीस मिनिटं फक्त वॉशर. मग त्याने विचारलं, 'आता?' मी बाटलीकडे पाहिलं तर तलफ खाली उतरली होती. ती लाटेसारखी चढते आणि तुम्ही काही केलं नाहीत तरी उतरते. माझ्या बाबतीत साधारण अर्ध्या तासात. तो अर्धा तास आपल्यासोबत काढणारा माणूस लागतो. त्याला काय बोलायचं ते सुचलं नाही तरी चालतं. बाटली त्याने माझ्याकडून फोनवरच मोरीत ओतून घेतली, आवाज ऐकवायला लावून.

मित्रासाठी काय करू नये, हे करण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. त्याच्या तोंडाचा वास घेऊ नका. त्याच्या कामावर 'त्याला ताप आहे' असा निरोप देऊ नका. उसने पैसे नकोत. आणि त्याच्या घरचे जर न सांगता जेवणातून औषध द्यायचा विचार करत असतील तर त्यांना हात जोडून थांबवा. डायसल्फिराम हे औषध शरीरात दारूचं विघटन अर्ध्यावर अडवतं. अ‍ॅसिटाल्डिहाइड साठतं, चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंतही असं होऊ शकतं. माणसाला माहिती असेल आणि त्याची तयारी असेल तर ते उपयोगाचं आहे. चोरून दिलं तर ते विषासारखं आहे, आणि कळल्यावर तो घरातल्या कोणाच्याही हातचं खाणार नाही, ते वेगळंच. डॉक्टरांकडे तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट अशी औषधंही असतात; त्याच्यासाठी कोणतं, हे लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या बघून ते ठरवतील. घरच्यांना स्वतःसाठी कोणाशी बोलायचं असेल तर 1951 पासून अल-अ‍ॅनॉन आहे, खास दारू पिणाऱ्यांच्या नातेवाइकांसाठी. तिथे तो दारू सोडतो की नाही हा विषयच मुख्य नसतो. पहिल्यांदा ऐकताना राग येतो, पण जाऊन बघावं.

तुमची झोप अजून बसली नसेल तर घाबरू नका, आणखी काही आठवडे लागू शकतात. स्वप्नात पिणं हेही चालायचंच. मी अजूनही वर्षातून दोनेकदा स्वप्नात पितो आणि उठून आधी स्वतःच्या तोंडाचा वास घेतो.

आज त्याला फोन करू नका, तो उचलणार नाही. त्याला वाटतंय तुम्ही हिशेब मागणार. दोन ओळी पाठवा: 'तिसऱ्या दिवशी जे झालं तो आजार होता, मला माहीत नव्हतं. डॉक्टरकडे मी सोबत येतो, कधी ते तू सांग.' तुमचे सोळा दिवस त्यात लिहू नका. उत्तर आलं नाही तर चार दिवसांनी परत तेवढंच.

आणि तो फोन उचलेपर्यंत तुमची संध्याकाळ कोणाच्या भरवशावर आहे, ते मला कळलं नाही. एए-च्या एखाद्या मीटिंगला जाता आलं तर आजच जा, तिथे तिसरा माणूस मिळेल. तोवर कोणीच नसेल तर मला निरोप टाका. सात ते दहा मी जागेवर असतो, आणि वॉशरबद्दल मला आता बरंच कळतं.