आईची फाइल कुठे आहे?

‘बाबा ७८चे, आई ७२ची. डोंबिवलीत तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाबा रोज काठी टेकत कट्ट्यावर जातात, आई दिवाळीपासून खाली उतरलेली नाही. विचारलं की म्हणते, मला काय धाड भरलीय! बाबा म्हणतात, तिचं तसंच असतं. मी उगाच काळजी करतेय का?’ असं तू विचारलंयस.

उगाच नाही गं. तूच लिहिलंस, बाबांच्या रिपोर्टांची जाडजूड फाइल टीव्हीखाली, आणि आईचं सगळं बिस्किटाच्या डब्यात: बामची बाटली नि केमिस्टकडून आणलेल्या दुखीच्या गोळ्या. त्या गोळ्या कधीपासून चालू आहेत, दिवसाला किती, ते आधी बघ. वर्षानुवर्षं घेतल्या तर मूत्रपिंडावर येतं.

बायका जास्त जगतात म्हणे. जगतात, पण ती जादा वर्षं गुडघे धरूनच निघतात. पाळी गेल्यावर हाडं भराभर ठिसूळ होतात, एकदा घसरली की खुब्याचं हाड मोडायला वेळ लागत नाही.

ती पाणी कमी पिते, हे तू जाता जाता लिहिलंस. मी तिथेच थांबले. खोकताना, जिना उतरताना लघवी सुटते का, हे तिला एकटीला गाठून विचार. आमच्या पिढीतल्या बायका हे नवऱ्याला सोड, डॉक्टरलाही सांगत नाहीत. साडी ओली होईल म्हणून लग्नामुंजींना जाणंच सोडतात. (मीही वर्षभर सोडलं होतं.) याला उपचार आहेत. सुरुवात साध्या व्यायामांनी होते.

सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड मिळतं. दोघांचंही काढ. कुठल्या रुग्णालयात काय बसतं, ते मात्र आधी विचार.

घराचं बोलायचं, तर बाबा तुझ्या भावाच्या नावे बक्षीसपत्र करायचं, म्हणजे घर आत्ताच त्याला देऊन टाकायचं म्हणतायत, ते थांबव. आई सहा वर्षांनी लहान, मागे तीच राहण्याची शक्यता जास्त. त्यापेक्षा तिचा विचार करून मृत्युपत्र करू देत. बक्षीसपत्र केलंच, तर दोघांच्या सांभाळाची अट त्यातच लिहून घ्या. सांभाळ झाला नाही तर २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने ते रद्द करून घेता येतं.

आता जिना. खालच्या मजल्यांवरच्या शेजाऱ्यांना सांगून वाटेत एकेक स्टूल ठेव, बसत बसत उतरेल. आणि डॉक्टरकडे जाताना बाबांना घरीच ठेव. नाहीतर तिची उत्तरं तेच देतील.