वक्ते येतात, शाल घेऊन जातात

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्या सेवाभावी क्लबात या जुलैपासून पाहुणे वक्ते ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे. सभासद चाळीस, मीटिंगला येतात बारा, त्यातले निम्मे बरोबर जेवणाच्या वेळेला. गेल्या वर्षी उद्योजक झाले, गिर्यारोहक झाले, योगशिक्षक आणि शेअर बाजारवालेही झाले. आता आणखी कोणाला बोलावू?
– एक सभासद, इंदिरानगर

उत्तर : नावांची यादी मी देणार नाही. नाशिकमध्ये बोलणाऱ्यांचा तुटवडा कधीच नव्हता आणि ऐकणाऱ्यांचाही नाही. मे महिन्याच्या उकाड्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमालेला लोक येऊन बसतात. तिथे कोणी ताट वाढत नाही. तुमचे सभासद टाळाटाळ करतात, कारण भाषण संपल्यावर आपल्याला हात झटकून घरी जायचंय हे त्यांना आधीच ठाऊक असतं.

बँकेतून निवृत्त झाल्यावर आमच्या क्लबात हेच खातं मी बरीच वर्षं सांभाळलं. वक्त्याला फोन केला की विषय नंतर, आधी एकच विचारायचे, "आमच्याकडून तुम्हाला काय हवंय?" ज्याला यावर काही सुचत नाही, त्याला वार्षिक समारंभाला बोलवावं. तिथे हार-तुरे असतात, शोभून दिसतो.

एकदा एका रक्तपेढीतले तंत्रज्ञ आले होते. परिचयाचा कागद जेमतेम चार ओळींचा. येताना रक्ताची एक रिकामी पिशवी घेऊन आले आणि ती त्यांनी पहिल्या रांगेत हातोहात फिरवायला दिली. म्हणाले, यात तांबड्या पेशी फार तर ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स पाचच दिवस. तुम्ही सगळे क्लब आणि सगळी मंडळं १५ ऑगस्टला शिबिर घेता, त्या आठवड्यात आम्हाला पिशव्या ठेवायला जागा पुरत नाही. मे महिन्यात कॉलेजं बंद, माणसं गावाला. थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराच्या मुलाला मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, त्याला सुट्टी नसते. मग मागणं मांडलं : मोठं शिबिर नको, बॅनर तर नकोच, मे महिन्यात दर शनिवारी दहा माणसं आमच्याकडे पाठवा. वीस मिनिटांत बोलून खाली बसले.

त्या दिवशी पुऱ्या गार झाल्या. वहीत नावं लिहायला गर्दी, आणि गर्दीत वाद. वजन ४५ किलोच्या खाली असेल तर नाही चालत, हिमोग्लोबिन साडेबारा तरी हवं, पुरुषांना तीन महिन्यांनी पुन्हा देता येतं आणि बायकांना चार महिन्यांनी. एरवी आभारप्रदर्शन सुरू झालं की चपला शोधणारी मंडळी ही!

यात माझी काही अक्कल नाही, ही जुनीच रीत आहे. लायन्स क्लब १९१७ पासून आहेत, पण डोळ्यांच्या कामाशी त्यांचं नाव जोडलं गेलं ते १९२५ च्या एका भाषणानंतर. अमेरिकेत ओहायोमधल्या सीडर पॉइंटला अधिवेशन होतं, पाहुण्या वक्त्या अंध आणि बहिऱ्या लेखिका हेलन केलर. नुसती स्वतःची कहाणी सांगून त्या खाली बसल्या असत्या, तरी टाळ्या पडल्याच असत्या. त्यांनी मात्र समोरच्यांना सरळ सांगितलं, अंधांसाठी कामाला लागा. आज आपल्याकडे मोतीबिंदूच्या शिबिरावर लायन्सचा फलक दिसतो, त्याचं मूळ त्या मागण्यात आहे.

तेव्हा पहिल्याच मीटिंगला नेत्रपेढीतलं माणूस बोलवा. गिर्यारोहक पुढच्या वर्षी. डोंगर कुठे जात नाहीत. नेत्रपेढीवाल्यांना आधीच सांगून ठेवा, प्रेरणा वगैरे राहू द्या, घरात कोणी गेलं तर नेमकं काय करायचं तेवढं सांगा. पंखा बंद करायचा. पापण्या मिटवून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवायच्या. डोक्याखाली उशी द्यायची. नेत्रपेढीला लगेच फोन करायचा, कारण सहा तासांच्या आत सगळं व्हावं लागतं. गेलेल्या माणसाने अर्ज भरलेला नसला तरी जवळच्या नातलगांच्या संमतीने नेत्रदान होतं, चष्मा किंवा मधुमेह आड येत नाही, हे भल्याभल्यांना माहीत नसतं. रडारडीत नंबर शोधायला कोणाला सुचत नाही, म्हणून मागणं एवढंच ठेवा की प्रत्येक सभासदाच्या फ्रीजवर तो नंबर चिकटलेला हवा. पुढच्या मीटिंगला फ्रीजचा फोटो मागा. लाजेकाजेस्तव तरी चिकटवतील.

प्रश्न : आमचा महिला गट अनंत चतुर्दशीला घाटावर मूर्तिसंकलनाला उभा राहतो. गेल्या वर्षी एक काका अंगावर आले, "आमचा बाप्पा काय कचऱ्यात घालणार का?" मुली रडकुंडीला आल्या. अशा वेळी काय बोलावं?
– पंचवटीतून

उत्तर : बोलू नका फारसं. पीओपी नदीत विरघळत नाही, हे काकांनी दर वर्षी पेपरात वाचलेलं असतं. त्यांचा राग मूर्ती गोळा करायच्या ट्रॉलीवर आहे. दहा दिवस ज्याला मोदकाचा नैवेद्य दाखवला, तो डोळ्यांदेखत ट्रॉलीत आडवा पडलेला कोणाला बघवेल? ट्रॉली नजरेआड लावा. टेबलावर धुतलेली चादर, त्यावर पाट, शेजारी कापूर आणि काडेपेटी. आरती घरच्यांना सावकाश म्हणू द्या, मागे रांग लागली तरी. पाण्याच्या पिंपात त्यांच्याच हातांनी तीनदा बुडवायला लावा आणि मग मूर्ती दोन्ही हातांनी घेऊन पाटावर उभी ठेवा. हातातली माहितीपत्रकं बाजूला ठेवा. त्या क्षणी ती कोणालाच नको असतात.

समजावायचं ते गणपती यायच्या आधी. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने पुढे आणलेली, पीओपीची मूर्ती घरीच विरघळवायची पद्धत एखाद्या रसायनशास्त्राच्या शिक्षिकेला सोसायटीत बोलावून बादलीत करून दाखवायला सांगा. मूर्ती बुडेल एवढं पाणी, मूर्तीच्या वजनाइतकं अमोनियम बायकार्बोनेट (बेकरीत वापरतात तेच), दर दोन-तीन तासांनी ढवळायचं. लहान मूर्ती साधारण ४८ तासांत विरते. तळाशी कॅल्शियम कार्बोनेट बसतं आणि वर अमोनियम सल्फेटचं पाणी राहतं, ते भरपूर पातळ करून झाडांना घालता येतं. वास येतो, म्हणून बादली गच्चीत किंवा बाल्कनीत ठेवा. शाडूची मूर्ती आणली तर ही यातायातच नको, पण ते काकांना घाटावर ऐकवू नका.

प्रश्न : मी निवृत्त परिचारिका. मधुमेहींनी पायांची काळजी कशी घ्यावी, यावर बोलायला क्लब बोलावतात. रिक्षाचे पैसे माझे, घरी येते शाल घेऊन. मानधन मागितलं तर बरं दिसेल का?
– नाशिकरोड

उत्तर : दिसेल. नाशिकरोडहून गंगापूर रोडला जायचं-यायचं भाडं तरी फोनवरच ठरवा. तिथे गेल्यावर विषय काढायला संकोच होतो आणि समोरचेही विसरल्यासारखं करतात. मानधन नको असेल तर म्हणावं, शालीच्या पैशांत ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणून ठेवा आणि भाषणानंतर अर्धा तास चार खुर्च्या व चांगला उजेड द्या, मी पाय तपासून देईन. बोटांच्या बेचक्या आणि टाचेच्या भेगा बघायला ट्यूबलाइट अपुरी पडते, तेव्हा बॅटरी तुमची तुम्ही न्या. आणि जेवायला थांबणार नसाल तर तेही आधीच कळवा, ताटं मोजून सांगितलेली असतात.