वडापावातला पाव आणि पावकिलोतला पाव एकच का?

नाही, उच्चार तेवढा सेम आहे. ठाण्याच्या बाजारात, जांभळी नाक्यावर 'पावकिलो मिरची द्या' म्हणतो तो पाव संस्कृत 'पाद'मधून आलाय, पाद म्हणजे पाय आणि जनावराला पाय चार म्हणून एक पाय म्हणजे चौथा हिस्सा, हिंदीतला पाँव पण तिथलाच. खायचा पाव मात्र पोर्तुगीज, त्यांचा पाँव लॅटिन 'पानिस'वरून, आणि ठाणं 1737 पर्यंत त्यांच्याच ताब्यात होतं बरं का! जपानीत ब्रेडला 'पान' म्हणतात तेही पोर्तुगीजांकडूनच गेलंय, मला हे फार भारी वाटतं. 'देवा पाव रे' मधला तिसराच, तो संस्कृत 'प्राप्'वरून, म्हणजे मिळणं, पोचणं. आणि स्पेनमधल्या कॅटलान भाषेत 'पाउ' म्हणजे शांतता, त्याचा आपल्या एकाही पावाशी संबंध नाही.