शेतं लाल, धरण काळं: रिमोट सेन्सिंगवर (उपग्रहावरून जमीन बघण्यावर) तुमचे प्रश्न

प्रश्न: मी नाशिकरोडला एसवायला आहे, जॉग्रफी स्पेशल. प्रॅक्टिकलला सॅटेलाईट इमेज दिली त्यात शेतं, झाडी सगळं लालभडक आणि गंगापूर धरण काळंकुट्ट. सर म्हणाले 'एफसीसी (फॉल्स कलर कॉम्पोझिट, म्हणजे खोट्या रंगांची इमेज) आहे, वनस्पती लाल, पाणी काळं, लक्षात ठेवा'. पाठ केलं पण डोक्यात शिरत नाहीये. (एक विद्यार्थिनी)

उत्तर: पाठ करून भागणारच नाही गं, कारण कधीतरी समोर लाल नदी आणि काळा डोंगर येणार आणि मग तू काय लिहिणार? मुळात हा आपल्या मोबाईलसारखा फोटो नाहीये. जमिनीच्या एकेका तुकड्यावरून सूर्यप्रकाश किती परत आला एवढंच सेन्सर मोजतो, आणि ते प्रत्येक बँडमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या एकेका पट्ट्यात, वेगवेगळं. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाला असे १३ बँड आहेत. स्क्रीनला मात्र लाल, हिरवा, निळा एवढे तीनच रंग येतात, म्हणून आपण कुठलेही तीन बँड उचलायचे आणि त्या रंगांत बसवायचे. एफसीसीत निअर इन्फ्रारेड (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) बँडला लाल रंग देतात, लाल बँडला हिरवा आणि हिरव्या बँडला निळा. आता पानाचं काय होतं, तर त्यातलं क्लोरोफिल लाल प्रकाश खाऊन टाकतं, पण निअर इन्फ्रारेड त्याच्या काही कामाचा नाही आणि पानाच्या आतल्या पेशींची रचनाच अशी असते की तो जवळजवळ निम्मा परत फेकला जातो. म्हणून झाडी लाल. स्वच्छ खोल पाणी निअर इन्फ्रारेड जवळपास सगळाच गिळतं, बाकीचंही फारसं परत देत नाही, म्हणून धरण काळं. गढूळ पाणी असेल तर निळसर दिसेल, कारण गाळावरून हिरवा-लाल प्रकाश परत येतो.

या इमेज दाखवणारी कोपर्निकस ब्राउझर ही वेबसाइट फुकट आहे, अकाउंट काढ आणि नाशिक उघड. शहराच्या खालच्या अंगाला गोदावरीवर जलपर्णी माजलेली असते तेव्हाची इमेज लाव, नदीत लाल पट्टे दिसतील. पाणी आहेच, फक्त सेन्सरला वरची पानं दिसतायत. मग डिसेंबरातली इमेज घेऊन त्र्यंबककडे जा. हे उपग्रह सकाळी साडेदहा-अकराच्या सुमाराला वरून जातात, तेव्हा हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला खाली असतो, त्यामुळे ब्रह्मगिरी आणि अंजनेरीच्या कड्यांच्या वायव्येला लांब काळ्या सावल्या पडतात, आणि सॉफ्टवेअरला सोडलं तर ते तिथं खुशाल तलाव दाखवून मोकळं होतं. कड्यावर तलाव नसतो हे तुला माहितीये, त्याला नाही. व्हायव्हाला हे दोन सांगितलेस ना, तर व्याख्येपेक्षा जास्त मार्क मिळतील असं मला वाटतं.

प्रश्न: निफाडला आमची द्राक्षबाग आहे. मुलगी कॉलेजात हे रिमोट सेन्सिंग शिकतेय, तिनं आमच्या बागेचा एनडीव्हीआय (हिरवेपणाचा आकडा) काढला तर ऑक्टोबरमध्ये बागेच्या जागी पडीक जमीन दाखवतंय! मग याच्यावर भरवसा काय ठेवायचा, आणि पोरीला यात पुढे स्कोप आहे का? (एक बागायतदार)

उत्तर: दादा, मुलीनं काढलेलं बरोबरच असणार. ऑक्टोबरात तुम्ही गोडी छाटणी घेतली ना? पानं उतरवल्यावर वेलीवर हिरवं राहतंय किती? एनडीव्हीआय म्हणजे निअर इन्फ्रारेडमधून लाल वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेनं भागायचं. भरगच्च पानोळा असेल तर समजा निअर इन्फ्रारेड ०.४५ आणि लाल ०.०५, उत्तर ०.८. उघडी माती असेल तर ०.२५ आणि ०.२०, उत्तर ०.११. छाटलेली बाग या मातीच्याच जवळ जाणार. त्यात सेंटिनेलच्या इमेजमधला एक पिक्सेल, म्हणजे एक चौकोनी ठिपका, १० मीटरचा, म्हणजे साधारण ३३ फुटांचा. नऊ फुटांवर ओळी धरल्या तर त्या एका चौकोनात तीन-चार ओळी आणि मधली सगळी माती यांची सरासरी येते, एकटी वेल कधीच नाही. म्हणून एका तारखेवर निकाल द्यायचा नाही, वर्षभराचा ग्राफ काढायला सांगा तिला. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, दोन्हीला ग्राफ आपटतो आणि पुन्हा चढतो. सोयाबीनचा ग्राफ असा दोनदा पडत नाही, त्यावरूनच द्राक्ष ओळखायचं. छाटणीची तारीख तुमच्या वहीत आहे, ती हैदराबादला बसून उपग्रहाच्या इमेज बघणाऱ्या माणसाकडे नाही, तेव्हा ती वही पोरीला द्या, तिचा प्रोजेक्ट तिथंच उभा राहतो.

स्कोपचं म्हणाल तर आहे, पण नुसत्या डिग्रीवर नाही. या कामाच्या सरकारी संस्था म्हणजे नागपूरला राज्याचं एमआरसॅक आहे, हैदराबादला इस्रोचं एनआरएससी, डेहराडूनला इस्रोचंच आयआयआरएस, आणि आयआयआरएसचे ऑनलाईन कोर्स फुकट असतात ते तिनं आत्ताच करावेत. नकाशाचं सॉफ्टवेअर क्यूजीआयएस फुकट, अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचा डेटा २००८ पासून फुकट. भारी लॅपटॉप घ्यायची घाई करू नका, ८ जीबी रॅमवर पहिली दोन वर्षं आरामात निघतात. थोडं पायथॉन (प्रोग्रामिंगची भाषा) मात्र शिकावंच लागेल, त्याला इलाज नाही.

प्रश्न: पावसाळ्यात सगळे ढगच, मग गोदावरीचा पूर सॅटेलाईटवरून कसा बघतात? (पंचवटीतून एक वाचक)

उत्तर: रडारनं. युरोपचा सेंटिनेल-१ किंवा २०२५ च्या जुलैत श्रीहरिकोट्याहून सोडलेला नासा-इस्रोचा निसार हे रडार उपग्रह स्वतःच मायक्रोवेव्ह पाठवतात आणि परत आलेला सिग्नल मोजतात, त्यांना ढगही आडवे येत नाहीत आणि रात्रही. शांत पाणी तो सिग्नल दुसरीकडेच सटकवतं, परत काही येत नाही, म्हणून काळं दिसतं. सायखेडा-चांदोरीकडच्या मोकळ्या शेतात पाणी पसरलं की हे झकास कळतं. तुमच्या पंचवटीत अवघड आहे, कारण तिथं सिग्नल पाण्यावरून भिंतीवर आणि भिंतीवरून परत उपग्रहाकडे जातो आणि बुडालेली गल्ली उलट जास्त उजळ दिसू शकते. शिवाय सेंटिनेल-१ चा एक उपग्रह त्याच जागी १२ दिवसांनी येतो, पूर तोवर थांबत नाही. आणि पाणी किती लांब पसरलं हे कळलं तरी किती चढलं ते थेट दिसत नाही, त्याला अजून गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं तेच बघावं लागतं.