सिकलसेल दिनाला कोणत्या कलाकाराची आठवण काढावी?

१९ जूनला तुमच्या कॉलेजात जागतिक सिकलसेल दिनाचा कार्यक्रम आहे, हा आजार घेऊन जगलेल्या एका कलाकाराला मानवंदना द्यायची आहे, तर कोणाला निवडावं आणि भाषणात काय बोलावं, असं तुम्ही विचारलंय.

मी प्रॉडिजीला निवडेन. खरं नाव अल्बर्ट जॉन्सन, न्यूयॉर्कचा रॅपर, 'मॉब डीप' या जोडीतला एक. कोणीतरी जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचं नाव नक्की सुचवेल. त्यालाही सिकलसेल होता, १९६५ मध्ये खुब्याची शस्त्रक्रिया झाली होती, आणि माणूस अर्थातच फार मोठा. पण त्याचा ट्रम्पेट ऐकून हा आजार काय असतो ते कळत नाही. प्रॉडिजीने त्यावर गाणंच केलं. २००० साली आलेल्या त्याच्या स्वतंत्र अल्बमात 'यू कॅन नेव्हर फील माय पेन' आहे, म्हणजे माझं दुखणं तुला कधीच कळणार नाही.

माझा धाकटा भाऊ एसएस पॅटर्नचा आहे, म्हणजे आई-वडील दोघांकडूनही सिकलसेलचं जनुक आलेला. आमच्याकडे विदर्भात एसएस म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. शरीरात पाणी किंवा ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडं आतून ठणकायला लागतात. यालाच क्रायसिस म्हणतात. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही, सूज नाही की जखम नाही. त्यामुळे नववीत असताना शाळेत त्याला 'ढोंगी' नाव पडलं होतं. हे गाणं त्याने पुढे कधीतरी मोबाइलवर ऐकलं. इंग्रजी अर्धंच समजलं, पण नाव समजलं, आणि मला म्हणाला, "दादा, ह्याला माहीत आहे."

गाण्यात शिव्या आहेत. प्राचार्यांना आधीच सांगून ठेवा.

प्रॉडिजी संगीताच्याच घरातला. आजोबा बड जॉन्सन जॅझचे सॅक्सोफोनवादक, आजीची क्वीन्समध्ये नृत्यशाळा. जन्म १९७४ चा, आजाराचं निदान तान्हेपणीच झालेलं. मॉब डीपमधला दुसरा, हॅवक, त्याला मॅनहॅटनच्या शाळेत भेटला आणि १९९५ साली दोघांचा 'दि इन्फेमस' हा अल्बम आला. प्रॉडिजी संत नव्हता. बेकायदा पिस्तुलासाठी त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. पण त्यातूनही बघा काय निघालं: तुरुंगातल्या दुकानात जे मिळेल त्यातून तब्येतीला बरं काय रांधता येईल, याचं पाककृतींचं पुस्तक २०१६ मध्ये. सिकलसेलवाल्याला खाण्यापिण्याची हेळसांड परवडत नाही, हे त्याला आत राहूनही विसरता आलं नाही. मला त्याच्या सगळ्या कामात हे पुस्तक फार आवडतं.

आता भाषणाबद्दल. 'आजाराशी झुंज देत हार मानली' असलं वाक्य कृपा करून लिहू नका. २०१७ च्या जूनमध्ये लास वेगासला कार्यक्रम केल्यावर त्याला इस्पितळात न्यावं लागलं आणि २० जूनला तो गेला, सिकलसेल दिनाच्या दुसऱ्याच दिवशी. पण कॉरोनरने, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याने, कारण दिलं ते घशात अन्न अडकून गुदमरल्याचं. ४२ वर्षांचा होता. जे झालं तेवढंच सांगा. 'प्रेरणादायी' हा शब्दही टाळता आला तर बघा; ज्याने गाण्याच्या नावातच 'तुला कळणार नाही' म्हटलंय, त्याच्यापुढे 'आम्ही समजू शकतो' म्हणणं विचित्र वाटतं. दीपप्रज्वलन, हार वगैरे करायचं तर करा, पण गाणं पूर्ण वाजवा. आधी दोन मिनिटं मराठीत अर्थ सांगा, मध्ये कोणी बोलू नका.

आणि एक. जूनचा उकाडा, प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा येणार. तुमच्याच कॉलेजात एसएसची मुलं असतील. त्यांना पाण्याची बाटली द्या, एसीच्या झोताखाली बसवू नका, आणि मध्येच उठून गेली तर का म्हणून विचारू नका.