टोटल वॉर: थ्री किंगडम्स मधला गुआन यू खऱ्या इतिहासातही तेवढाच निष्ठावान आणि भारी होता का?

तुम्ही विचारलंय की प्राचीन चीनमधल्या यादवीवरच्या ह्या कॉम्प्युटर गेममध्ये सत्तेसाठी लढणाऱ्या ल्यू बेईचं कॅम्पेन (मोहीम) खेळताना त्याचा सरदार गुआन यू एकटा अख्ख्या तुकड्या कापत सुटतो, बाकीचे सरदार पद नाही मिळालं की रुसून चालते होतात पण हा काही केल्या हलत नाही, तर माणूस खरंच असा होता की गेमवाल्यांनी उगाच फुगवलाय?

थोडक्यात सांगायचं तर निष्ठा बरीचशी खरी, ताकद बरीचशी कादंबरीतली, आणि ज्या स्वभावामुळे तो शेवटी मेला तो गेममध्ये फारसा नडतच नाही. आता सविस्तर लिहितो, थोडं लांबेल.

कॅम्पेन सुरू करताना गेम विचारतो रोमान्स की रेकॉर्ड्स, आणि आपण बहुतेक जण न वाचता रोमान्स दाबून पुढे जातो. ते दोन मोड म्हणजे दोन वेगळी पुस्तकं आहेत. रोमान्स म्हणजे लुओ ग्वानझोंगच्या नावावरची चौदाव्या शतकातली कादंबरी, म्हणजे घटना होऊन हजारेक वर्षं उलटून गेल्यावरची, तोवर कथेकऱ्यांनी त्यात भरपूर तिखटमीठ लावून झालेलं. रेकॉर्ड्स म्हणजे चेन शोउने तिसऱ्या शतकात लिहिलेला इतिहास. हा चेन शोउ मूळचा शू राज्यातला, म्हणजे ल्यू बेईच्याच बाजूचा, त्यामुळे तो गुआन यूला नावं ठेवतो तेव्हा ते जरा सिरियसली घ्यावं लागतं. रेकॉर्ड्स मोडमध्ये तोच गुआन यू घोडेस्वारांची तुकडी घेऊन फिरतो, दमतो, ड्युएल (दोन सरदारांची समोरासमोरची झुंज) वगैरे काही नाही.

कादंबरीतल्या गोष्टी पटापट उरकतो. पीच गार्डनमधली ल्यू बेई, गुआन यू आणि झांग फेई ह्या तिघांची भाऊ होण्याची शपथ इतिहासात नाही, तिथे एवढंच आहे की ल्यू बेई त्या दोघांबरोबर एकाच बिछान्यात झोपायचा आणि त्यांना भावासारखं वागवायचा. प्याल्यातली गरम वाइन थंड व्हायच्या आत शत्रूचा सरदार हुआ शियोंग ह्याचं मुंडकं आणलं ते पण खोटं, तो सन ज्यान ह्या दुसऱ्याच सरदाराच्या फौजेकडून मारला गेला. ते चंद्रकोरीच्या पात्याचं ८२ जिन (चिनी वजनाचं माप) वजनाचं हत्यार, त्या काळात तसलं काही वापरात असल्याचा पुरावा नाही. आणि रेड हेअर हा घोडा ल्यू बू नावाच्या दुसऱ्या योद्ध्याचा, तो पुढे गुआन यूकडे आला असं इतिहासात कुठेच नाही. गेममध्ये मात्र ल्यू बूला आडवं करून तो घोडा गुआन यूला देता येतो आणि मी देतोच, इतिहास गेला खड्ड्यात.

आता निष्ठेचं. इथे खरी गोष्ट कादंबरीपेक्षा भारी आहे असं माझं मत. इ.स. २०० मध्ये ल्यू बेईचा बलाढ्य शत्रू त्साओ त्साओ ह्याने त्याला झोडपलं, ल्यू बेई पळून त्साओचा प्रतिस्पर्धी युआन शाओ ह्याच्या आसऱ्याला गेला आणि गुआन यू त्साओच्या हाती लागला. त्साओने त्याला मारलं नाही, उलट सरदारकी दिली, मानमरातब दिला. आपण गेममध्ये हेच करतो ना, पकडलेला चांगला जनरल कोण मारतंय, सरळ आपल्याकडे घेतो. पण त्साओला लवकरच वाटायला लागलं की हा काही टिकत नाही, म्हणून त्याने आपला सरदार झांग ल्याओ ह्याला, जो गुआन यूचा मित्र होता, त्याच्या मनातलं काढायला पाठवलं. गुआन यूने आडपडदा न ठेवता सांगितलं की त्साओसाहेब मला किती चांगलं वागवतात ते मला कळतं, पण ल्यू बेईबरोबर मरायची शपथ घेतलीय, मी इथे राहणार नाही, मात्र उपकार फेडल्याशिवाय जाणारही नाही. आता हे थेट मालकाच्या माणसाला सांगायचं म्हणजे बघा.

उपकार फेडले ते बैमाच्या लढाईत. समोर युआन शाओचा सरदार यान ल्यांग. चेन शोउ लिहितो की गुआन यूला लांबूनच यान ल्यांगचं निशाण आणि छत्र दिसलं, त्याने घोडा पिटाळला, हजारोंच्या गर्दीत घुसून यान ल्यांगला भोसकलं, मुंडकं कापलं आणि तसाच परत आला, युआन शाओच्या एकाही सरदाराला त्याला अडवता आलं नाही. म्हणजे गेममध्ये दोघं समोरासमोर उभे राहून, बाकी फौज बघत बसलीय आणि मग ड्युएल, असलं काही नव्हतंच, सरळ छापा मारल्यासारखं काम. आणि गंमत अशी की त्या वेळी ल्यू बेई ज्याच्या आसऱ्याला होता त्याच युआन शाओचा सरदार ह्याने मारला. म्हणजे त्साओच्या मिठाला जागायचं म्हणून स्वतःच्या मालकाला अडचणीत टाकायची तयारी! मग त्साओने त्याला जहागिरी दिली, बक्षिसांचा पाऊस पाडला, आणि ह्याने ते सगळं सीलबंद करून ठेवलं, निरोपाचं पत्र लिहिलं आणि ल्यू बेईकडे निघून गेला. त्साओची माणसं पाठलागाला निघत होती तर त्साओ म्हणाला, जो तो आपापल्या धन्यासाठी राबतो, जाऊ द्या त्याला. कादंबरीत ह्याच प्रवासात तो पाच नाकी फोडतो आणि सहा सरदार मारतो, पण खरं तर त्याला अडवायला कोणी आलंच नाही, आणि मला तेच जास्त आवडतं कारण त्यात त्साओही मोठा दिसतो.

आता हे गेममध्ये कसं येणार सांगा. १९० च्या स्टार्टला गुआन यू पहिल्या टर्नपासून ल्यू बेईच्या शेजारी उभा, मानलेला भाऊ म्हणून सॅटिस्फॅक्शनला (सरदार किती खूश आहे त्या आकड्याला) बोनस, म्हणजे त्याच्या निष्ठेची परीक्षा होतच नाही. कोएई कंपनीच्या ह्याच कथेवरच्या गेम्समध्ये (१९८५ पासून ही जपानी सिरीज चालूय) तर निष्ठा हा चक्क एक आकडा असतो, पैसे टाकले की वाढतो. आकडा वाईट नाही, गेम आहे शेवटी, पण उपकार फेडेपर्यंत थांबणारा माणूस त्यात बसत नाही.

आणि खरी मेख पुढे आहे. गुआन यूचं नाक प्रचंड वर. २१४ च्या सुमारास मा चाओ हा सरदार ल्यू बेईकडे आला तेव्हा ह्याने ल्यू बेईचा सल्लागार झुगे ल्यांग ह्याला पत्र लिहून विचारलं की हा नवीन गडी कोणाच्या तोडीचा? झुगे ल्यांग माणूस ओळखून होता, त्याने कळवलं की मा चाओ झांग फेईच्या तोडीचा आहे पण आमच्या दाढीवाल्याची सर त्याला नाही. (गुआन यूची दाढी फेमस होती.) ते वाचून स्वारीच्या अंगावर मूठभर मांस चढलं आणि आल्यागेल्या पाहुण्यांना पत्र दाखवत बसला. २१९ मध्ये ह्याला आणि ल्यू बेईचाच वयस्कर सरदार हुआंग झोंग ह्याला सारख्या दर्जाचं पद मिळालं तर हा चिडून म्हणे, म्हाताऱ्या शिपायाच्या रांगेत मी बसणार नाही. निरोप घेऊन आलेल्या फेई शीने समजूत घातली तेव्हा कुठे पद घेतलं. पूर्वेकडचा सत्ताधीश सन च्युआन ह्याने आपल्या मुलासाठी ह्याची मुलगी मागितली, तर सोयरीक राहिली बाजूला, ह्याने दूतालाच शिव्या घातल्या.

हे सगळं एकदम अंगावर आलं २१९ मध्येच. गुआन यूने त्साओच्या फानचेंगला वेढा घातलेला, पाऊस एवढा झाला की हान नदीला पूर आला आणि त्साओचा सरदार यू जिन ह्याची फौज पाण्यात गेली, यू जिन शरण आला, त्याच्यासोबतचा पांग दे मारला गेला, गुआन यूचं नाव सगळीकडे गाजत होतं. आणि पाठीमागे त्याचा जिंगझोउ प्रांत सांभाळायला कोण, तर मि फांग, जो ल्यू बेईचा मेहुणा, आणि शी रेन. दोघांशी ह्याचं आधीच वाकडं, त्यात रसद वेळेवर आली नाही म्हणून ह्याने दम दिला की परत आलो की बघतो तुमच्याकडे. तिकडून सन च्युआनचा सरदार ल्यू मेंग शिपायांना होड्यांच्या पोटात लपवून, वल्हवणाऱ्यांना व्यापाऱ्यांचे पांढरे कपडे घालून नदीतून वर आला, नदीकाठच्या चौक्या गुपचूप उचलल्या, आणि ते दोघे लढले पण नाहीत, दारं उघडून दिली. पुढे ल्यू मेंगने जे केलं ते मला कुठल्याच गेममध्ये करता आलेलं नाही, त्याने शहरात लूट बंद केली आणि गुआन यूच्या सैनिकांच्या बायकापोरांची नीट काळजी घेतली. घरची मंडळी सुखात आहेत हे कळल्यावर सैनिकांचा लढायचा मूडच गेला आणि फौज वाटेतच गळत गेली. गुआन यू मायचेंगला अडकला, तिथून निसटताना मुलासकट पकडला गेला आणि मारला गेला. सन च्युआनने मुंडकं त्साओकडे पाठवलं, त्साओने इतमामाने पुरलं.

एवढं होऊनही चिन्यांनी त्याला देव केलंच, १६१४ मध्ये मिंग बादशहाने अधिकृतपणे सम्राटाची पदवी दिली, आणि हाँगकाँगमध्ये पोलीस आणि गुंडांच्या टोळ्या दोघेही त्याच्याच पाया पडतात. मुंबईकर असाल तर माझगावला डॉकयार्ड रोडजवळचं चिनी देऊळ बघून या, तिथेही हाच आहे, क्वान कुंग नावाने.

तुमच्या कॅम्पेनसाठी सांगायचं तर त्याला हल्ल्याच्या फौजेत ठेवा, ल्यू बेई किंवा झांग फेईसोबत, शत्रूचा जनरल दिसला की सरळ अंगावर घाला, जनरल पडला की समोरच्यांचं मोराल (लढायची हिंमत) धडाधड कोसळतं, बैमाला हेच झालं होतं. दूरच्या सरहद्दीवर एकटा ठेवू नका आणि तो पुढे सरकला की मागच्या शहरांची गॅरिसन (संरक्षणाची फौज) वाढवा, विशेषतः सन च्युआनशी तह असेल तर, कारण एआय तह कधी मोडेल सांगता येत नाही. एक कॅम्पेन रेकॉर्ड्स मोडमध्ये खेळाच, पहिल्या दोनचार लढायांत गुआन यू फुकट घालवाल पण मग सवय होते. आणि मि फांग नावाचा कोणी नोकरी मागत आला, तर सोयरा असला तरी घेऊ नका.