संत्र्याचा मिमोसा : रस कधी काढावा, वाईन कशी ओतावी

प्रश्न : रविवारी ब्रंचसाठी दीर-जाऊ आणि काही स्नेही असे आठ जण आमच्याकडे जमणार होते, म्हणून संत्र्याचा रस आणि स्पार्कलिंग वाईन यांचा मिमोसा करायचे ठरवले. सकाळी घाई नको म्हणून शनिवारी रात्रीच मिक्सरवर रस काढून फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी तो चक्क कडू लागला, आणि रसावर वाईन ओतताच निम्मा फेस ग्लासाबाहेर आला. संत्री तर खाताना गोड होती. मग असे का झाले? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपली संत्री चांगलीच होती; अडचण रात्रभर ठेवलेल्या रसाची आहे. अखंड संत्र्याच्या फोडींच्या पडद्यांमध्ये एक बेचव द्रव्य असते. रस काढताना ते रसातल्या आम्लात मिसळते आणि पुढच्या काही तासांत त्याचे लिमोनिन नावाच्या अतिशय कडू द्रव्यात रूपांतर होते. त्यामुळे काढल्या काढल्या गोड लागणारा रस सकाळपर्यंत कडवट होतो. फ्रिजच्या थंडीने ही क्रिया मंदावते, पण थांबत नाही. मिक्सरमध्ये पडद्यांबरोबर बियाही ठेचल्या जातात आणि बियांमध्ये कडवटपणा मुळातच भरपूर असतो, त्यामुळे तो आणखी वाढतो.

म्हणून आदल्या रात्री रस न काढता अखंड संत्रीच फ्रिजमध्ये ठेवावीत आणि पाहुणे येण्याच्या तासभर आधी रस काढावा. नागपुरी संत्र्याची साल सैल असल्यामुळे ते अर्धे कापून पिळणीवर नीट बसत नाही आणि सालीचे तेल मात्र रसात उतरते. त्यापेक्षा संत्रे सोलून पांढऱ्या शिरा काढाव्यात, प्रत्येक फोडीची आतली कड कात्रीने कापून बिया काढून टाकाव्यात आणि फोडी बारीक गाळणीवर घेऊन वाटीच्या बुडाने हलकेच दाबाव्यात. पडदे गाळणीत राहतात आणि रस खाली उतरतो. शेवटच्या थेंबासाठी जोर लावू नये, कारण कडूपणा तिथूनच येतो. आठ जणांना प्रत्येकी दोन ग्लास द्यायचे तर सुमारे सव्वा लिटर रस लागेल आणि त्यासाठी 3 किलो संत्री आणावीत. काम वेळखाऊ आहे, पण घरातल्या दोघांनी मिळून केले तर जड जात नाही.

आता फेसाविषयी. वाईनमध्ये विरघळलेला कार्बन डायऑक्साइड थंडीत द्रवात टिकून राहतो आणि ऊब मिळताच बाहेर पडू पाहतो. रसातल्या गराचा प्रत्येक कण त्याला बुडबुडा होण्यासाठी जागा देतो. रस पुरेसा थंड नसेल आणि त्यात गरही असेल, तर त्यावर वाईन ओतताच ती उसळणारच. म्हणून गाळलेला रस मलमलच्या फडक्यातून पुन्हा एकदा गाळून घ्यावा, आणि रस व वाईन दोन्ही 6 ते 8 अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावेत. बाटली फ्रिजमध्ये तीन-चार तास ठेवावी, किंवा बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घातलेल्या बादलीत अर्धा तास बुडवावी. ती फ्रीझरमध्ये ठेवून विसरणे धोक्याचे आहे. आतली वाईन गोठून फुगली की बाटली फुटू शकते.

बाटलीच्या आत मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दुपटीहून जास्त दाब असतो. म्हणून तारेची जाळी सैल करण्याआधीच बुचावर अंगठा ठेवावा आणि तो पुढे उचलू नये. बाटली तिरकी धरून, तिचे तोंड कोणाकडेही नाही याची खात्री करून, एका हाताने बूच घट्ट धरावे आणि दुसऱ्या हाताने बाटली तळाशी धरून फिरवावी. बूच हातातच हळूहळू वर येते. मोठा आवाज काढून बूच उडवण्याची हौस मला मुळीच मान्य नाही. त्यात डोळ्याला इजा होऊ शकते आणि गॅसही वाया जातो.

ओतण्याच्या क्रमाबद्दल जाणकारांमध्ये मतभेद आहेत. मी आधी वाईन ओतावी या मताची आहे. ग्लास तिरका धरून वाईन कडेने सोडावी, फेस बसू द्यावा आणि मग रस सावकाश घालावा. साखरेमुळे रस वाईनपेक्षा जड असतो, त्यामुळे तो आपोआप खाली उतरून मिसळतो आणि चमच्याने ढवळावे लागत नाही. जगमध्ये सगळे एकत्र करून ठेवू नये; पहिली फेरी संपेपर्यंत त्यातले बुडबुडे निघून जातात.

प्रश्न : संत्र्याऐवजी मोसंबी चालेल का? आणि रस व वाईन यांचे प्रमाण नेमके किती असावे? (एक वाचक, जालना)

उत्तर : मोसंबी चालेल, पण तिच्यात आंबटपणा फार कमी असतो, आणि नुसत्या मोसंबीचा मिमोसा सपक लागतो. एक ग्लास मोसंबीच्या रसात अर्ध्या लिंबाचा रस घातला की चव लागते. मोसंबीचा रसही लवकर कडवटतो, हे लक्षात ठेवावे. संत्री घेणार असाल, तर पावसाळ्यानंतर डिसेंबरपर्यंत येणाऱ्या आंबिया बहाराच्या संत्र्यात किंचित आंबटपणा असतो आणि तोच या पेयाला हवा असतो. नंतर येणारा मृग बहार अधिक गोड असतो. खायला उत्तम, पण मिमोसात त्यालाही लिंबाची मदत लागते. हिवाळ्यात बाजारात संत्री म्हणून पंजाबकडचा किन्नूही मिळतो. त्याची साल घट्ट असल्यामुळे तो पिळणीवर सहज पिळता येतो, मात्र बिया पुष्कळ असतात.

प्रमाणाबाबत आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेची कृती 75 मिली रस आणि 75 मिली प्रोसेको (इटलीची स्पार्कलिंग वाईन), म्हणजे समसमान, अशी आहे. लंडनच्या बक्स क्लबमध्ये 1921 मध्ये सुरू झालेल्या बक्स फिझ या जवळच्या पेयात मात्र वाईन रसाच्या दुप्पट असते. आपल्याकडच्या दाट, गोड रसाला मला निमपट रसाचे प्रमाण अधिक शोभते. त्यात वाईनची चव झाकली जात नाही. समसमान घेतले तर 750 मिलीच्या एका बाटलीत 10 ग्लास होतात.

प्रश्न : परदेशी शॅम्पेनच हवी का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नको. शॅम्पेन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवली जाते आणि यीस्टवर दीर्घकाळ ठेवल्याने तिला पावासारखा जो नाजूक गंध येतो, त्यासाठीच आपण पैसे मोजतो. संत्र्याच्या रसात तो हरवून जातो. नाशिक परिसरात चांगली स्पार्कलिंग वाईन तयार होते आणि या कामाला ती अगदी योग्य आहे. लेबलवर ‘ब्रूट’ हा शब्द मात्र पाहून घ्यावा. ब्रूटमध्ये लिटरला 12 ग्रॅमपेक्षा अधिक साखर नसते. ‘एक्स्ट्रा ड्राय’ हे नाव ऐकायला कोरडे वाटले तरी ती ब्रूटहून गोड असते आणि गोड रसात तिने पेय मिट्ट होते.

प्रश्न : सासूबाई आणि मुले वाईन घेत नाहीत. त्यांना वेगळे काय द्यावे? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : तोच गाळलेला रस, थोडे लिंबू, चिमूटभर मीठ आणि बर्फासारखा थंड साधा सोडा हे सगळे त्याच उंच, अरुंद ग्लासात द्यावे. सोड्यात वाईनचा आंबटपणा नसतो, म्हणून इथे लिंबू जरा सढळ हाताने घालावे आणि साखर घालू नये. सासूबाईंना थंड सोसत नसेल, तर सोडा न घालता फक्त ताजा रस द्यावा. मुलांचे ग्लास वेगळ्या ट्रेमध्येच ठेवावेत, कारण दोन्ही पेये दिसायला हुबेहूब सारखी असतात आणि गर्दीत अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. समसमान मिमोसाच्या एका ग्लासात सुमारे 7 ग्रॅम अल्कोहोल असते. गोड रसामुळे ते जाणवत नाही, म्हणून ज्यांना गाडी चालवून घरी जायचे आहे त्यांनाही हेच सोड्याचे पेय आग्रहाने द्यावे.